संगणकाच्या पंख्यांसाठी चार्जिंगचा ब्लोअर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी संगणकाचे पंखे साफ करण्यासाठी चार्जिंगवर चालणारा, हातात धरायचा ब्लोअर वापरते आहे. घरात एक डेस्कटॉप, दोन लॅपटॉप आणि फळीवर ठेवलेला, चोवीस तास चालू असणारा एक छोटा संगणक अशी चार यंत्रे असल्यामुळे या काळात ब्लोअरकडून भरपूर काम करून घेता आले आणि त्याचे गुणदोष नीट सांगता येतील एवढा अनुभव गाठीशी जमला. असे ब्लोअर बाजारात अनेक नावांनी मिळतात, पण आतली छोटी मोटर, लिथियम बॅटरी आणि सोबतच्या नळ्या ही रचना बहुतेकांत सारखीच असते. म्हणून एका विशिष्ट नावाविषयी न लिहिता या प्रकारच्या साधनाविषयीच लिहिते आहे.

माझा ब्लोअर जाडसर विजेरीएवढा आहे. मागच्या बाजूने तो हवा आत ओढतो आणि पुढच्या नळीतून ती वेगाने बाहेर सोडतो. मागच्या जाळीत कापडी गाळणी आहे, बाजूला तीन वेगांचे बटण आहे आणि सोबत तीन तोंडे मिळाली: एक निमुळते, एक चपटे आणि एक मऊ केसांच्या ब्रशचे. पुढे एक बारीक दिवाही आहे. खरेदी करताना तो दिवा मला निरुपयोगी वाटला होता, पण कॅबिनेटच्या (डेस्कटॉपच्या पेटीच्या) कोपऱ्यात किंवा हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता शोषून हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये डोकावताना त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही, असे आता माझे मत झाले आहे.

डेस्कटॉपपासून सुरुवात करते, कारण तिथे या साधनाचा सर्वांत चांगला गुण आणि सर्वांत मोठा धोका एकाच वेळी दिसतो. पुढच्या बाजूला १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घेतात, मागचा एक ती बाहेर टाकतो आणि प्रोसेसरच्या हीटसिंकवर चौथा पंखा असतो. धूळ सगळीकडे सारखी बसत नाही. पात्याची जी कड फिरताना हवेला आधी भिडते, तिच्यावर राखाडी रंगाची एक उंचवट्यासारखी रेघ तयार होते, तर पात्याचा मधला भाग बऱ्याचदा जवळजवळ स्वच्छ असतो. ही रेघ दिसायला किरकोळ असली, तरी पात्याचा आकार बिघडल्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांत पंखा कमी हवा ढकलतो, ती पात्यांवर असमान साचली तर पंखा थरथरू लागतो, आणि पुढे प्रोसेसर तापला की मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेली मुख्य पाटी) पंख्याला आणखी वेगाने फिरायला लावतो. संगणकाचा आवाज हळूहळू वाढत जातो तो असा, आणि तो रोजच कानावर पडत असल्यामुळे किती वाढला हे आपल्या लक्षातही येत नाही.

निमुळते तोंड लावून मधल्या वेगावर हवा सोडली की ही रेघ क्षणात उडते. समोरच्या जाळीतली धूळ, मदरबोर्डवरच्या बारीक घटकांमध्ये अडकलेले तंतू, रॅमच्या पट्ट्यांमधली जळमटे हे सारे दहा मिनिटांत निघून जाते. पूर्वी हेच काम मी मऊ कुंचल्याने आणि कापसाच्या काड्यांनी करत असे. त्याला तासभर लागत असे आणि निम्मी धूळ एका जागेवरून उठून दुसरीकडे बसत असे. काम वेळखाऊ असल्यामुळे ते पुढे ढकललेही जात असे. ब्लोअर आल्यापासून मी दर तीन महिन्यांनी कॅबिनेट उघडते, आणि माझ्या मते या साधनाचा खरा लाभ हाच आहे.

आता धोक्याविषयी. पंख्यावर हवा सोडली की तो फिरतो, आणि ब्लोअरची हवा त्याला त्याच्या ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पुढे नेऊ शकते. डेस्कटॉपमधला १२० मिलिमीटरचा पंखा साधारणपणे मिनिटाला जास्तीत जास्त १२०० ते २००० फेऱ्यांसाठी बनवलेला असतो. वीजजोडणी नसलेला पंखा ब्लोअरच्या झोतात शिट्टीसारखा आवाज करत फिरू लागतो, तेव्हा त्याच्या बेअरिंगला, म्हणजे पंख्याचा आस ज्या आधारात फिरतो त्याला, न झेपणारा ताण बसत असतो. दुसरी गोष्ट विजेची आहे. या पंख्याच्या मध्यभागी असलेल्या टोपीत चुंबकाचे कडे असते आणि ते आतल्या स्थिर वेटोळ्यांभोवती फिरते. बाहेरून फिरवले की हीच रचना जनित्रासारखी वागते आणि तयार झालेले व्होल्टेज तारेतून मदरबोर्डाकडे जाऊ शकते. पंख्यातल्या नियंत्रक चिपमुळे हा धोका बराच कमी होतो हे खरे असले, तरी स्वतःच्या मदरबोर्डावर त्याची परीक्षा कोणी घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

हे मी पोटतिडकीने लिहिते आहे, त्याला कारण आहे. ब्लोअर घेण्यापूर्वी मी हाच डेस्कटॉप एका दुरुस्तीवाल्याकडे साफ करायला दिला होता. त्यांनी मोठ्या कॉम्प्रेसरची नळी थेट ग्राफिक्स कार्डच्या पंख्यांवर धरली, पंखे किंचाळल्यासारखे फिरले, आणि मी समोर उभी असूनही त्यांना थांबवले नाही, कारण त्या वेळी त्यातले गांभीर्य मला ठाऊक नव्हते. पुढच्या काही आठवड्यांत त्यांपैकी एक पंखा चालू होताना खरखरू लागला. पंखा जुना होता, त्यामुळे दोष सर्वस्वी त्या झोताचाच होता असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. मात्र तेव्हापासून पंख्याचे पाते धरल्याशिवाय मी त्यावर हवा सोडत नाही. मोठ्या पंख्याला एका बोटाचा हलका आधार पुरतो. जिथे बोट पोहोचत नाही, तिथे मी पात्यांच्या मधून एक लाकडी काडी अलगद अडकवते. काडी लाकडाचीच हवी, कारण धातूची वस्तू हातातून सुटून मदरबोर्डवर पडली तर ओरखडा उमटू शकतो.

ब्लोअरच्या आधी डबाबंद हवेचे फवारे वापरून झाले आहेत, म्हणून तुलना करणे रास्त ठरेल. त्या डब्यात नावाप्रमाणे हवा नसते, तर दाबाखाली द्रवरूपात ठेवलेला वायू असतो, आणि तो बहुधा डायफ्लोरोइथेन किंवा टेट्राफ्लोरोइथेन असतो. पहिला ज्वलनशील आहे, त्यामुळे चालू किंवा नुकत्याच बंद केलेल्या तापलेल्या यंत्रावर तो फवारणे धोक्याचे असते. डबा तिरका किंवा उलटा धरला गेला तर वायूऐवजी द्रवच बाहेर पडतो, आणि त्याचा उत्कलनबिंदू शून्याखाली साधारण २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असल्यामुळे त्वचेला हिमदंश होऊ शकतो. शिवाय सलग फवारल्यावर डबा स्वतःच थंड पडतो, आतला दाब उतरतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी झोत मंदावतो. ब्लोअरमध्ये यातले काहीच नाही. एका बाबतीत मात्र फवारा सरस होता: त्याच्या बारीक नळीचा झोत हीटसिंकच्या दोन पात्यांमधल्या फटीत जितका नेमका शिरत असे, तितका ब्लोअरच्या निमुळत्या तोंडाचाही शिरत नाही. तोंड आणखी बारीक असते, तर ही उणीव राहिली नसती.

लॅपटॉपच्या बाबतीत मात्र या साधनाविषयीचे माझे मत बरेच बदलले, आणि ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. ब्लोअरच्या खोक्यावर लॅपटॉपच्या बाहेरच्या जाळीवर हवा मारणाऱ्या हाताचे चित्र होते, आणि मीही पहिल्यांदा तसेच केले. जाळीतून धुळीचा एक ढग उठला, मन प्रसन्न झाले, पण तापमान मोजल्यावर फरक जवळजवळ शून्य निघाला. कारण लॅपटॉपच्या पंख्याच्या रचनेत आहे. तो डेस्कटॉपच्या पंख्यासारखा समोरून आलेली हवा सरळ मागे ढकलत नाही. तो मधून हवा घेतो, शंखासारख्या वळणदार घरातून ती कडेला फेकतो आणि तिथे असलेल्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या दाट पात्यांमधून बाहेर घालवतो. हवेबरोबर आलेले तंतू या पात्यांच्या आतल्या तोंडाशी अडतात, त्यांच्यावर बारीक धूळ अडते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दिसणार नाही अशा नेमक्या जागी एक पडदा तयार होतो. बाहेरच्या जाळीवर दिसते ती धूळ या पडद्यापुढे काहीच नसते.

दुसऱ्या खेपेस मी लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, तळाचे झाकण उघडले, सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवली आणि मग पंख्याचे तीन बारीक स्क्रू काढून पंखा अलग केला. हीटसिंकला हात लावावा लागला नाही, त्यामुळे प्रोसेसरवरचा थर्मल पेस्टचा (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या लेपाचा) थर जागचा हलला नाही. सर्वच लॅपटॉपांत अशी सोय नसते. काहींत पंखा आणि हीटसिंक एकत्रच निघतात आणि मग पेस्ट नव्याने लावणे भाग पडते. पंखा बाजूला केल्यावर पात्यांच्या तोंडाशी घोंगडीच्या तुकड्यासारखी एक राखाडी पट्टी दिसली. चिमट्याने एक टोक धरून ओढली तर ती न तुटता अखंड निघाली. बोटभर लांब, नखाएवढ्या जाडीची, आणि तिच्या एका अंगावर हीटसिंकच्या प्रत्येक पात्याची रेघ कंगव्याच्या दात्यांसारखी स्पष्ट उमटलेली होती. इतक्या दिवसांत त्या बाजूने हवा जवळजवळ जातच नव्हती, हे सांगायला दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती.

पट्टी काढल्यानंतर ब्लोअरने उरलेली धूळ उडवली, पंख्याची पाती बोटाने धरून ब्रशच्या तोंडाने स्वच्छ केली आणि सारे परत बसवले. मोजणी मी दोन्ही वेळा सारखीच केली होती: त्याच खोलीत, त्याच टेबलावर, तेच जड काम वीस मिनिटे चालवून. आधी प्रोसेसर ८८ अंशांवर स्थिरावत होता, नंतर ७५ वर. प्रोसेसर ठरावीक मर्यादेला, म्हणजे अनेक प्रकारांत ९५ ते १०० अंशांना पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो; माझा लॅपटॉप त्या उंबरठ्याच्या फार जवळ पोहोचला होता. याच मोजणीत डेस्कटॉपचे तापमान साफसफाईनंतर जेमतेम ३ अंशांनी उतरले, कारण त्याच्या समोरच्या जाळीने धूळ आधीच अडवली होती. तिथे खरा फरक पंख्यांच्या आवाजात पडला.

म्हणून लॅपटॉपसाठी ब्लोअर घेणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की झाकण न उघडता बाहेरून हवा मारणे हा उपाय मानू नये. उलट दिशेने, म्हणजे बाहेर जाणाऱ्या जाळीतून आत हवा सोडली तर तो पडदा फुटतो खरा, पण त्याचे तुकडे पंख्याच्या घरात पडतात आणि पंखा सुरू झाला की पुन्हा त्याच तोंडाशी जाऊन बसतात किंवा पात्यांना घासत राहतात. ज्यांना झाकण उघडणे जमण्यासारखे नाही, त्यांनी ते जाणकाराकडून उघडून घ्यावे आणि मधल्या काळात ब्लोअरने फक्त हवा घेण्याच्या जाळ्या मोकळ्या ठेवाव्यात.

ब्लोअर कुठे हतबल होतो, हे मला फळीवरच्या छोट्या संगणकाने शिकवले. तो स्वयंपाकघराच्या दाराजवळ असल्यामुळे त्याच्या ४० मिलिमीटरच्या पंख्यावरची धूळ तेलकट वाफेने चिकट झाली होती. सर्वांत वरच्या वेगावरही ती तसूभर हलली नाही. अशा वेळी कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जराशी भिजवून एकेक पाते पुसण्याला पर्याय नाही. काडी निथळत असता कामा नये, आणि पंख्याच्या मध्यभागी ओल जाऊ देऊ नये, कारण अल्कोहोल बेअरिंगमधले वंगण धुऊन काढते. पूर्ण वाळल्यावरच पंखा जोडावा. घरात कोणी धूम्रपान करत असेल, तरी असाच चिकट थर बसतो.

वंगणाचा विषय निघालाच आहे, तर थोडे विषयांतर करते. पंखा खरखरू लागला की त्यात तेल सोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. साध्या स्लीव्ह बेअरिंगच्या, म्हणजे आस एका साध्या नळीत फिरतो अशा, जुन्या पंख्यात, मागचा कागद उचलून हलक्या मशीन तेलाचा एक थेंब सोडल्यास काही काळ आराम पडतो. द्रवाधारित बेअरिंगचे पंखे मात्र कारखान्यात सीलबंद केलेले असतात. त्यांत बाहेरून काही सोडू नये. आणि गंज सोडवण्यासाठी मिळणारे पातळ फवारे तर कोणत्याच पंख्यात मारू नयेत, कारण ते उरलेसुरले वंगणही विरघळवतात आणि लवकरच स्वतःही उडून जातात.

पॉवर सप्लायच्या पंख्यासाठी ब्लोअर उत्तम आहे, पण केवळ बाहेरून. ते खोके उघडू नये, कारण आतले मोठे कपॅसिटर (वीज साठवणारे घटक) वीज तोडल्यानंतरही काही काळ धोकादायक भार धरून राहतात. त्या पंख्याचे पातेही जाळीतून काडी घालून थोपवावे, मात्र काडी आत खोलवर जाऊ देऊ नये.

आता या साधनाच्या उणिवा. पहिली, आवाज. वरच्या वेगावर तो इतका कर्कश आहे की मी कानात बोळे घालूनच काम करते, आणि लहान मूल झोपलेले असेल त्या वेळी तो चालवण्याचा विचारही करवत नाही. दुसरी, बॅटरी: वरच्या वेगावर माझा ब्लोअर बारा-तेरा मिनिटांत संपतो आणि त्याआधीच हातात गरम लागू लागतो. मधल्या वेगावर हाच वेळ दुपटीच्या आसपास जातो, आणि पंख्यांच्या कामाला मधला वेग पुरेसा असल्यामुळे ही अडचण व्यवहारात तितकीशी जाणवली नाही. तिसरी उणीव मला अधिक खटकते. बटण दाबताच ब्लोअर नेहमी वरच्याच वेगाने सुरू होतो आणि मग आपण तो उतरवायचा असतो. ज्या साधनाचा धोका त्याच्या झोताच्या जोरात आहे, त्याने कमी जोरापासून सुरुवात करायला हवी होती. आता मी आधी हवेत धरून वेग उतरवते आणि मगच संगणकाकडे वळते. नळीची तोंडे केवळ दाबून बसवायची आहेत, फिरवून घट्ट करायची नाहीत. त्यामुळे निमुळते तोंड एकदा निसटून थेट हीटसिंकवर आदळले. नुकसान झाले नाही, पण पंख्याचे पाते तुटू शकले असते. खोक्यावर मोटरच्या फेऱ्यांचा प्रचंड मोठा आकडा छापलेला असतो, त्याला खरेदी करताना फार महत्त्व देऊ नये. तोंडे पिळून बसणारी आहेत का, वेग किती पायऱ्यांत उतरवता येतो आणि मागची गाळणी काढून धुता येते का, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. माझी गाळणी तीन महिन्यांत इतकी भरली की झोत निम्म्यावर आला होता. धुऊन, पूर्ण वाळवून बसवल्यावर तो पूर्ववत झाला.

काम शक्यतो उघड्यावर करावे आणि नाका-तोंडाला कापड बांधावे, हे वेगळे सांगायला नको. स्थिर विजेची काळजी म्हणून मी सुरुवातीला कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावते आणि ब्लोअरचे प्लॅस्टिकचे तोंड मदरबोर्डापासून चार बोटे दूर ठेवते. घरातला व्हॅक्युम क्लीनर या कामाला लावू नये, कारण त्याच्या नळीत धुळीच्या घर्षणाने स्थिर वीज साठते आणि ती नाजूक घटकांवर उतरू शकते.

राहता राहिला तो ग्राफिक्स कार्डचा खरखरणारा पंखा. ब्लोअर आल्यावर मी तो दोनदा पूर्ण स्वच्छ केला आणि दोन्ही वेळा खरखर तशीच राहिली. वीज बंद असताना पाते बोटाने हलकेच ढकलले, तर शेजारचा चांगला पंखा चार-पाच फेऱ्या घेऊन सावकाश थांबत होता आणि हा अर्ध्या फेरीत अडखळत होता. टोपी वर-खाली हलवली तर तीही नको तेवढी डुलत होती. धुळीचा आवाज साफ केल्यावर जातो, बेअरिंगचा जात नाही, एवढे त्यावरून कळले. शेवटी त्याच मापाचा, त्याच जोडणीचा नवा पंखा मागवला. चार स्क्रू आणि एक तार, एवढ्यात तो बसला. आता कॅबिनेटच्या आतल्या अंगाला एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर पंखा बदलल्याची तारीख आहे आणि तिच्याखाली साफसफाईच्या दोन तारखा लिहून झाल्या आहेत.